चौदा रे नगरे आणि माणशी चार रुपये

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याला लागले की कुंभारीच्या माळावर रे नगर दिसते. ३६५ एकर जमीन, ८३४ इमारती, ३० हजार घरे. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे कामगार, कागद-काच-पत्रा वेचणारे, रिक्षा चालवणारे यांच्यासाठी ही वसाहत कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तरांनी मागे लागून उभी करवली. त्याआधी २००६ साली विडी कामगार बायांना गोदावरी परुळेकरांच्या नावाच्या वसाहतीत १० हजार घरे मिळाली होती. रे नगरातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. सगळ्या प्रकल्पाचा खर्च सुमारे १,८३० कोटी रुपये.

हे सांगण्याचे कारण घरे नव्हेत. मला मोजायला एक माप हवे आहे. ‘हजार कोटी’ म्हटले की कानाला आकडा ऐकू येतो, डोळ्यांपुढे काही येत नाही. हजार कोटी आणि दहा हजार कोटी यांतला फरक आपल्याला शून्यांच्या संख्येवरूनच कळतो. रे नगर मात्र पायी फिरता येते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत घाम फुटतो. तेव्हा या लेखापुरते माप हेच: एक रे नगर म्हणजे १,८३० कोटी.

आता विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा २०२३-२४ चा वार्षिक अहवाल घेऊ. त्या वर्षी देशातल्या विमा कंपन्यांनी आरोग्य विम्याच्या प्रीमियमपोटी १,०७,६८१ कोटी रुपये गोळा केले. सरकारी योजना, नोकरीतला गट विमा आणि घरगुती मेडिक्लेम मिळून ५७ कोटी लोक त्यात आले. कंपन्यांपुढे आलेले दावे होते सुमारे १ लाख १७ हजार कोटींचे. त्यातले ८३,४९३ कोटी दिले गेले, म्हणजे साधारण साडेपंचेचाळीस रे नगरे. ही रक्कम लहान नाही आणि ती मिळाल्यामुळे लाखो घरे सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचली, हे आधीच मान्य करून टाकतो.

उरलेल्यातले १०,९३७ कोटींचे दावे कंपन्यांनी साफ नाकारले. ७,५८४ कोटींचे वर्षअखेर लटकत राहिले. आणि १५,१०० कोटी रुपये ‘पॉलिसीच्या अटींनुसार’ कापले गेले. इथे दावा मंजूर झालेला असतो, रकमेला मात्र कात्री लागलेली असते.

कापलेले १५,१०० कोटी म्हणजे सव्वाआठ रे नगरे. घरांत मोजले तर २ लाख ४७ हजार घरे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार होती. एका वर्षाच्या नुसत्या कपातीतून जुन्या मिलच्या चाळींपासून विडी घरकुलापर्यंत अख्खे सोलापूर नव्या घरात जाईल आणि वर काही घरे रिकामी उरतील. नाकारलेली रक्कम मिळवली की आकडा २६,०३७ कोटींवर जातो. ती झाली चौदा रे नगरे, सव्वाचार लाख घरे. घरात पाच माणसे धरली तर अर्धा सोलापूर जिल्हा त्यात राहील.

सगळी कपात अन्यायाची असते, असे कुणी म्हणू नये. पाच लाखांचा विमा आणि सात लाखांचे बिल असेल तर दोन लाख कापलेच जाणार. काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाने भरायचा असतो, तो त्याने सही करून कबूल केलेला असतो. पण कात्री आणखीही कुठे कुठे चालते ते पाहण्यासारखे आहे.

हातमोजे, मास्क, कापूस, नोंदणी फी, फाइलचे पैसे. न देण्याच्या किंवा वेगळे पैसे न देण्याच्या गोष्टींच्या याद्याच आहेत आणि त्यांत साठाहून अधिक नावे आहेत. हे शंभर-पाचशेचे मामले. मोठा हिशेब खोलीचा. समजा, पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ५ हजार आहे. मध्यरात्री दवाखान्यात पोचलात, ५ हजारांची खोली रिकामी नव्हती, म्हणून ८ हजारांची घेतली. चार दिवस राहिलात. साधा माणूस मनात म्हणतो, दिवसाला तीन हजार जास्तीचे, चार दिवसांचे बारा हजार आपल्या खिशातून जातील. तसे होत नाही. कंपनी म्हणते, तुमचा हक्क ५ हजारांच्या खोलीचा, तुम्ही घेतली ८ हजारांची. म्हणून खोली, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचे भाडे हे सगळे पाच-अष्टमांशच देणार. बिल २ लाख ४० हजारांचे असेल आणि औषधे, तपासण्या, शरीरात बसवलेली उपकरणे वगळून उरलेली रक्कम १ लाख २० हजार असेल, तर तिच्यातले ४५ हजार गेले. फरक बारा हजारांचा होता, कात्री पंचेचाळीस हजारांची लागली. औषधे आणि तपासण्या निदान २०२० पासून या कात्रीतून सुटल्या, तेही नियामकाने बजावल्यावर.

डिस्चार्जच्या दिवशी हे कळते. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा नियामकाचा मे २०२४ चा हुकूम आहे. त्या तीन तासांत रुग्ण कपडे बदलून बसलेला असतो, गावाकडची गाडी खाली उभी असते आणि काउंटरवरून निरोप येतो, ‘टीपीएने एवढे मंजूर केलेत, बाकीचे भरा.’ (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी संस्था.) त्या घडीला कुणी भांडत नाही. भाऊजी कुणाला तरी फोन लावतात, पैसे येतात, माणूस घरी जातो.

आता तो १५,१०० कोटींचा डोंगर वाटून पाहू. त्या वर्षी निकाली निघालेले दावे २ कोटी ६९ लाख. भागाकार केला की दर दाव्यामागे येतात सुमारे ५,६०० रुपये. दर दाव्याला मिळालेली सरासरी रक्कम होती ३१,०८६ रुपये, त्या मानाने हे काही फार वाटत नाही. ५,६०० रुपयांसाठी कोर्टात कुणी जात नाही. सोलापूरकरासाठी विमा लोकपाल पुण्यात बसतो, अडीचशे किलोमीटरवर. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेला रोज धरला तर तक्रार करण्यापेक्षा न केलेली परवडते, असेच वाटते. कापलेली सव्वाआठ रे नगरे कुणी दरोडा घालून नेत नाही. ती अशी पाच-पाच हजारांनी, तक्रार करायला महाग पडेल इतक्याच मापाने जमा होतात.

इथे नेहमी कुणीतरी म्हणते, हे सगळे त्या वरच्या साहेबांच्या पगारात जाते. चला, तेही मोजू.

खासगी विमा कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला किती पगार द्यावा याला वरची मर्यादा नाही, पण एक रेघ आहे. नियामकाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वर्षाला ४ कोटींच्या वरचा पगार भागधारकांच्या खात्यातून द्यायचा. म्हणजे ४ कोटींपर्यंतचा पगार विमाधारकांच्या पैशातून दिलेला चालतो. पूर्वी ही रेघ दीड कोटीवर होती.

४ कोटी किती? रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. वर्षात शंभर दिवस काम मिळाले तर ३१,२०० रुपये होतात. या हिशेबाने ४ कोटी मिळवायला १,२८२ वर्षे लागतात. आजपासून तेवढे मागे गेलो तर बदामीवर चालुक्यांचे राज्य आहे, राष्ट्रकूट अजून यायचे आहेत आणि सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचा जन्म व्हायला काही शतके अवकाश आहे. तेव्हा एखाद्याने माळावर चर खणायला घेतला असता आणि एक पैसाही न खाता तो आजवर खणत राहिला असता, तर आता कुठे साहेबांच्या एका वर्षाच्या रेघेपर्यंत पोचला असता.

आकडा डोळे फिरवणारा आहे खरा. पण त्याचाच दुसरा भागाकार करा. कंपनीने एक कोटी लोकांचा विमा उतरवला असेल तर ४ कोटींचा पगार म्हणजे माणशी ४ रुपये. साहेबाने उद्यापासून फुकट काम केले तरी तुमच्या प्रीमियममधून अर्ध्या चहाचेही पैसे कमी व्हायचे नाहीत. रागाला जागा असते, पण पैसा गेला कुठे हे या आकड्यातून कळत नाही. एवढे पैसे त्या खुर्चीला कशासाठी मिळतात, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर भारतात धूसर दिसते; अमेरिकेत लख्ख दिसते, कारण तिथे माप फार मोठे आहे.

युनायटेडहेल्थ ही तिथली सर्वांत मोठी आरोग्य विमा कंपनी. २०२४ मधली तिची उलाढाल ४०० अब्ज डॉलर होती आणि निव्वळ नफा १४.४ अब्ज डॉलर. रुपयांत हा नफा १ लाख २० हजार कोटींच्या घरात जातो. भारतातल्या सगळ्या कंपन्यांनी ५७ कोटी लोकांकरिता वर्षभरात गोळा केलेल्या एकूण प्रीमियमपेक्षा त्या एका कंपनीचा नफा मोठा. मुख्य अधिकारी अँड्र्यू विटी यांचे त्या वर्षीचे मानधन २ कोटी ६३ लाख डॉलर, म्हणजे अंदाजे २२० कोटी रुपये. रोजगार हमीच्या मापाने सत्तर हजार वर्षे. तिथे मात्र सिद्धरामेश्वर, चालुक्य कुणीच उपयोगी पडत नाही. माणूस अजून गुहेत आहे. आणि कंपनीच्या सुमारे पाच कोटी विमाधारकांत वाटले तर? माणशी अर्धा डॉलर.

आता तिसरा आकडा. त्या वर्षी कंपनीने प्रीमियमपोटी मिळवले सुमारे ३०९ अब्ज डॉलर. त्यातला उपचारांवर गेलेला हिस्सा साडेपंच्याऐंशी टक्के. हा हिस्सा एका टक्क्याने कमी केला तर कंपनीकडे वर्षाला ३.०९ अब्ज डॉलर जास्त उरतात. म्हणजे साधारण २६ हजार कोटी रुपये. म्हणजे चौदा रे नगरे! भारतभरच्या कंपन्यांनी मिळून वर्षभरात जेवढे कापले आणि नाकारले, तेवढे तिथे एका टक्क्यात मावते. तो एक टक्का हलवू शकणाऱ्या माणसाला भागधारकांनी २२० कोटी दिले, तर त्यांच्या दृष्टीने हा शंभरातला एक रुपयाही नव्हे. पगार चोरीचा माल नाही. तो त्या एका टक्क्यावर नजर ठेवण्याची मजुरी आहे. आणि हा टक्का कुठे हलतो? मंजुरीच्या टेबलावर, खोलीच्या मर्यादेत, ‘आणखी कागद पाठवा’ या निरोपात.

२०२५ मध्ये तो टक्का उलटा फिरला, लोकांनी अंदाजापेक्षा जास्त उपचार घेतले. मे महिन्यात विटी गेले. जुने प्रमुख स्टीफन हेम्स्ली १० लाख डॉलर पगारावर परत आले. पगार बघून साधेपणा वाटावा, पण त्याच्यासोबत ६ कोटी डॉलरचे शेअर-पर्याय, म्हणजे ठरलेल्या दराने शेअर घेण्याचे हक्क होते.

याच कंपनीचे पूर्वीचे एक प्रमुख विल्यम मॅग्वायर. शेअर-पर्यायांच्या तारखा मागच्या टाकून फायदा वाढवल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी ४६ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली. तेव्हाच्या विनिमय दराने ती रक्कम १,८५० कोटी रुपयांच्या जवळ जाते. एका माणसाने सोडून दिलेल्या पैशात एक अख्खे रे नगर, ३० हजार घरे. (२००७ चा रुपया आणि आजचा रुपया सारखा नाही, हे ठाऊक आहे. तेव्हाच्या रुपयात रे नगर आणखी स्वस्तात झाले असते.)

तिथल्या लोकांचा राग कुठवर गेला हे जगाने ४ डिसेंबर २०२४ रोजी पाहिले. कंपनीच्या विमा शाखेचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांचा मॅनहॅटनमध्ये गोळ्या घालून खून झाला. खून तो खूनच. पण पुढचे काही दिवस सामान्य अमेरिकन माणसे दु:ख करण्याऐवजी आपापले नाकारलेले दावे जगाला सांगत होती, हेही नोंदवायला हवे.

आणि तरीही, ज्या अमेरिकेला आपण या बाबतीत नावे ठेवतो तिथे २०११ पासून एक कायदा लागू आहे. छोट्या आणि वैयक्तिक पॉलिसींच्या प्रीमियममधले शंभरातले किमान ८० रुपये, मोठ्या गटांच्या बाबतीत ८५, उपचारांवर आणि त्यांचा दर्जा सुधारण्यावर खर्च झालेच पाहिजेत. कमी झाले तर फरक ग्राहकांना परत करायचा. आपल्याकडे असा तळ नाही. फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपन्यांचे २०२३-२४ मधले हे प्रमाण होते ६३.६३ टक्के. त्यांची बाजूही आहे: ग्राहक तरुण, पॉलिसी नव्या, जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ चालू, प्रमाण पुढे वाढेल. वाढेलही. पण आपल्या नियमात उपचारांना तळ नाही आणि कंपनीच्या खर्चाला छत आहे, तेही या कंपन्यांसाठी प्रीमियमच्या ३५ टक्क्यांवर. कमिशन, जाहिराती, कार्यालये, पगार यांना शंभरातल्या पस्तीस रुपयांपर्यंत मोकळीक.

आपल्याकडे शेअरांची गोष्टही आहे. केअर हेल्थ इन्शुरन्सने मूळ कंपनी रेलिगेअरच्या तेव्हाच्या कार्यकारी अध्यक्षा रश्मी सलुजा यांना २ कोटी २७ लाख शेअर-पर्याय ४५ रुपये ३२ पैसे दराने दिले. त्याच कंपनीच्या हक्कभागांचा, म्हणजे जुन्या भागधारकांना देऊ केलेल्या नव्या शेअरांचा दर होता ११० रुपये. नियामकाच्या म्हणण्यानुसार, नकार कळवलेला असतानाही ते दिले गेले. कंपनीने आपली कृती नियमात बसते अशी बाजू मांडली. जुलै २०२४ मध्ये नियामकाने कंपनीला १ कोटी रुपये दंड केला आणि दिलेले शेअर त्याच दराने परत विकत घ्यायला सांगितले. दोन दरांतल्या फरकाला २ कोटी २७ लाखांनी गुणले तर येतात १४७ कोटी. दंडाचा आकडा त्याच्यापुढे ठेवून पाहा.

या १४७ कोटींना सोलापूरचे माप लावता येते. २ जुलै २०१२ रोजी राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. एका कुटुंबाला दीड लाखापर्यंतचे उपचार, ९७२ प्रकारचे. सरकारने नॅशनल इन्शुरन्स कंपनीला त्यासाठी दिलेला हप्ता कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये. पुढे योजनेला महात्मा फुल्यांचे नाव आले आणि २०२० मध्ये हप्ता ७९७ रुपये झाला. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या होती ४३ लाख, म्हणजे ढोबळ मानाने साडेआठ-नऊ लाख कुटुंबे. ७९७ रुपयांच्या दराने १४७ कोटींत जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या कुटुंबांचा दोन वर्षांचा हप्ता भरला जातो. ४ कोटींत पन्नास हजार कुटुंबांचा.

याच शहरात आणखी एक जुना विमा आहे आणि त्याला विमा म्हणून कुणी ओळखतही नाही. कामगार राज्य विमा, होटगी रस्त्यावरच्या दवाखान्याचा. १५ हजार पगाराच्या कामगाराच्या खिशातून महिन्याला ११२ रुपये ५० पैसे जातात, मालक ४८७ रुपये ५० पैसे घालतो, एकूण ६००. रकमेची मर्यादा नाही, खोलीच्या दराची भानगड नाही, म्हातारपण आले म्हणून हप्ता वाढत नाही. रांगा आहेत, औषध कधी मिळते, कधी नाही, मोठ्या ऑपरेशनला दुसरीकडे पाठवतात आणि सोलापुरातल्या यंत्रमागवाल्यांतले कितीतरी जण हजेरीपत्रकावरच नसल्याने या विम्याच्या बाहेर राहतात. ज्याला ऐपत झाली तो इथून पळून खासगी मेडिक्लेम घेतो, यात नवल नाही. पण या विम्यात कुणाचीही खुर्ची उपचारांचा खर्च एक टक्का कमी झाल्यावर उंच होत नाही, एवढा फरक आहे.

आणि लोभ एकट्या कंपन्यांचाच, असेही नाही. ‘मेडिक्लेम आहे का?’ हा प्रश्न ‘कुठे दुखतंय?’च्या आधी विचारला जातो, हे अख्ख्या सोलापूरला माहीत आहे. उत्तर ‘आहे’ असले की पॅकेज बदलते, दोन तपासण्या वाढतात. कंपनी ते हेरून कात्री लावते, दवाखाना कात्री धरूनच बिल फुगवतो. मधल्या मधे खोली घेणारा चेपला जातो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. २०२३-२४ मध्ये आरोग्य विम्याच्या प्रीमियमवर ८,२६३ कोटी रुपये कर जमा झाला होता, म्हणजे साडेचार रे नगरे. हा कर काढावा, असे पत्र नितीन गडकरींनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना लिहिले ते नागपूरच्या विमा कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून. कर गेला, पण कंपन्यांना खर्चावरच्या कराची मिळणारी वजावटही गेली आणि बऱ्याच कंपन्यांनी ती तूट एजंटांच्या कमिशनमधून भरून काढली. स्कूटरवरून फॉर्म गोळा करत फिरणाऱ्या एजंटाच्या कमिशनला कात्री लागली. ४ कोटींची रेघ होती तिथेच आहे.

मग राहता राहिला पुण्याचा लोकपाल. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवस वाट पाहायची, उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचे. फी नाही. वकील चालत नाही, म्हणजे कंपनीचाही नाही. दावा ५० लाखांपर्यंतचा असावा. अर्ज ऑनलाइन करता येतो, त्यासाठी पुण्याची गाडी पकडावी लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो ३० दिवसांत पाळावा लागतो. २०२३-२४ मध्ये लोकपालांकडे सर्वाधिक तक्रारी आल्या त्या स्टार हेल्थविरुद्ध, १३,३०८; कंपनी या धंद्यात मोठी, म्हणून तक्रारीही मोठ्या, असे म्हणायला जागा आहे. पण निकाली निघालेल्या २ कोटी ६९ लाख दाव्यांतल्या शंभरातल्या एकाने जरी ५,६०० रुपयांसाठी अर्ज टाकला असता, तरी देशभरच्या लोकपालांच्या टेबलांवर २ लाख ६९ हजार कागद जमले असते.